रिकार्दो सर पुन्हा मैदानात

मुलांनो, फुटबॉलचे दोन संघ पाडायचे म्हटलं की मैदानावर काय गोंधळ उडतो, ठाऊक आहे ना? प्रत्येकाला पुढेच खेळायचं असतं. गोल मारायचा असतो आणि मग हात पसरून विमानासारखं धावत सुटायचं असतं! मागे उभं राहायला कुणीच तयार नसतं. शेवटी जो हळू पळतो किंवा ज्याला भांडता येत नाही, त्याला सगळे मिळून मागे ढकलतात. मी प्राथमिक शाळेत शिकवतो. दर शनिवारी हा प्रकार पाहतो. त्या मागच्या मुलाला जवळ बोलावून सांगावंसं वाटतं, की अरे, तू उभा आहेस ना, ती साधीसुधी जागा नाही!

जरा विचार करा. पुढे खेळणाऱ्याची पाठ आपल्याच संघाकडे असते. त्याला दिसतो फक्त समोरचा गोल. पण बचावाच्या मधोमध जो उभा असतो, त्याला अख्खं मैदान दिसतं. कोण मोकळा सुटलाय, कोण दमलाय, चेंडू आता कुठे जाणार, सगळं त्याला आधी कळतं. मग तो काय करतो? तो बोलतो! "मागे माणूस आहे!", "सोड तो चेंडू!", "सगळे पुढे सरका!" नव्वद मिनिटं त्याचं तोंड चालू असतं. चांगला बचावपटू पायांनी जेवढा खेळतो, तेवढाच तोंडानं खेळतो म्हणा ना!

अशाच एका बचावपटूची ही गोष्ट. त्याचं नाव रिकार्दो गोमेस. आडनाव ओळखीचं वाटतंय? बरोबर! आपल्या गोव्यात गोम्स आडनावाची माणसं भेटतात, तेच हे आडनाव. पोर्तुगीज गोव्यात आले तसे समुद्रापलीकडे ब्राझीलमध्येही गेले, आणि त्यांची आडनावं दोन्हीकडे रुजली.

रिओचा उंच मुलगा

रिकार्दोचा जन्म १३ डिसेंबर १९६४ चा, ब्राझीलमधल्या रिओ दी जानेरो शहरातला. या एका शहरात फुटबॉलचे चार मोठे क्लब आहेत : फ्लुमिनेन्स, फ्लामेंगो, वास्को द गामा आणि बोटाफोगो. ही चार नावं लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहेत. रिकार्दो फ्लुमिनेन्समध्ये वाढला. उंच, शांत, डाव्या पायाचा. धसमुसळेपणा न करता चेंडू अलगद काढून घेणारा.

१९८३, १९८४ आणि १९८५ अशी सलग तीन वर्षं फ्लुमिनेन्सनं रिओ राज्याचं विजेतेपद मिळवलं. १९८४ मध्ये तर संघ सगळ्या ब्राझीलचा विजेता झाला. अंतिम फेरीत समोर होता वास्को द गामा. दोन सामने झाले आणि दोन्ही सामन्यांत मिळून वास्कोला एकही गोल करता आला नाही. रिकार्दो तेव्हा होता अवघा १९ वर्षांचा! संघाचे प्रशिक्षक होते कार्लोस आल्बेर्तो पारेरा. तेही नाव लक्षात असू द्या.

१९८८ मध्ये तो पोर्तुगालला गेला, लिस्बन शहरातल्या बेनफिका क्लबकडे. तिथे पहिल्याच मोसमात लीगचं विजेतेपद मिळालं. १९९० साली बेनफिका युरोपियन कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि इटलीच्या मिलानकडून एका गोलनं हरला.

याच काळात तो ब्राझीलच्या राष्ट्रीय संघात पक्का झाला. १९८९ ची कोपा अमेरिका स्पर्धा ब्राझीलमध्येच होती. दक्षिण अमेरिकेतल्या देशांची ही मानाची स्पर्धा, आणि ब्राझीलनं ती १९४९ नंतर जिंकलीच नव्हती. शेवटचा सामना उरुग्वेशी, तोही रिओच्या प्रचंड मोठ्या माराकाना मैदानावर. तारीख १६ जुलै. ही तारीख ब्राझीलमध्ये कुणी विसरत नाही. कारण १९५० साली याच दिवशी, याच मैदानावर, याच उरुग्वेनं ब्राझीलच्या तोंडचा वर्ल्ड कप पळवला होता! पण १९८९ मध्ये रोमारिओनं डोक्यानं गोल केला, मागे रिकार्दो आणि त्याच्या जोडीदारांनी किल्ला लढवला, आणि ब्राझील १–० नं जिंकलं.

दोन वर्ल्ड कप

१९९० च्या वर्ल्ड कपमध्ये रिकार्दो ब्राझीलचा कर्णधार होता. तुमच्यातल्या कुणाच्या बाबांनी किंवा काकांनी ती स्पर्धा टीव्हीवर पाहिली असेल, तर त्यांना विचारून बघा. ब्राझीलनं स्वीडन, कोस्टा रिका आणि स्कॉटलंडला हरवलं, पण गोल मात्र मोजून चार केले. ब्राझील म्हणजे नाच करत खेळणारा संघ! त्यानं असं मागे गर्दी करून खेळावं, हे लोकांना रुचलं नाही. खरं सांगायचं तर मलाही तो संघ कंटाळवाणा वाटतो.

पुढचा सामना अर्जेंटिनाशी होता. गंमत अशी, की त्या दिवशी ब्राझील चांगलं खेळलं. तीन वेळा चेंडू गोलच्या खांबांना लागून परत आला. शेवटची दहा मिनिटं राहिली आणि माराडोनानं चेंडू घेऊन धाव घेतली. ब्राझीलचे बचावपटू त्याच्याकडे ओढले गेले. त्यानं हळूच चेंडू सरकवला मोकळ्या सुटलेल्या कानिजियाकडे. गोल! थोड्याच वेळात अर्जेंटिनाचा आणखी एक खेळाडू गोलकडे निघाला, तेव्हा रिकार्दोनं त्याला पाडलं. पंचांनी लाल कार्ड दाखवलं. कर्णधार मैदानाबाहेर आणि पाठोपाठ ब्राझीलही स्पर्धेबाहेर.

रिकार्दो खचला नाही. १९९१ मध्ये तो पॅरिस सेंट जर्मेन या क्लबकडे गेला. आज या क्लबचं नाव शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण तेव्हा तो एवढा बडा नव्हता. रिकार्दो तिथे चार वर्षं खेळला. १९९४ ला फ्रान्सची लीग आणि १९९३ व १९९५ ला फ्रेंच कप जिंकणाऱ्या संघाच्या बचावाचा तो कणा होता. कॉर्नर मिळाला की पुढे धावत जायचा आणि डोक्यानं गोलही मारायचा.

मग आला १९९४ चा वर्ल्ड कप, अमेरिकेत. ब्राझीलचे प्रशिक्षक कोण? तेच पारेरा! दहा वर्षांपूर्वी १९ वर्षांच्या पोरावर विश्वास टाकणारे. आता रिकार्दो २९ वर्षांचा होता, अनुभवानं पिकलेला, संघातली त्याची जागा ठरलेली. स्पर्धेला जेमतेम आठवडा उरला होता. १२ जूनला एल साल्वादोरशी सरावाचा सामना झाला. साधा, दुबळ्या संघाशी. ब्राझील ४–० नं जिंकलं. पण त्या सामन्यात रिकार्दोच्या मांडीचा स्नायू दुखावला. डॉक्टरांनी मान हलवली. हातातोंडाशी आलेला घास गेला!

त्याच्या जागी जपानमध्ये खेळणाऱ्या रोनाल्दावला घाईघाईनं बोलावून घेतलं. पहिल्याच सामन्यात दुसरा बचावपटू रिकार्दो रोशाही दुखावला. मग उरलेली स्पर्धा आल्दाइर आणि मार्सियो सांतोस या जोडीनं निभावून नेली, आणि १७ जुलैला ब्राझीलनं पेनल्टींवर इटलीला हरवून २४ वर्षांनी वर्ल्ड कप जिंकला. दुंगानं कप उंचावला. त्या क्षणाची छायाचित्रं आजही पुस्तकांत छापतात. ज्यानं चार वर्षं त्यासाठी घाम गाळला, तो रिकार्दो त्या संघाच्या यादीत नाही. आणि रोनाल्दाव एकही मिनिट न खेळता जगज्जेता झाला! यात त्याचा काही दोष नाही म्हणा. खेळात असं होतं.

'तो' चे 'ते' झाले

१९९६ साली रिकार्दोनं बूट टांगले आणि लगेच पॅरिस सेंट जर्मेननं त्याला बोलावलं. खेळायला नव्हे, शिकवायला! वय अवघं ३१. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला, त्यांनाच आता हा सांगणार, तू खेळ आणि तू बाहेर बस. सोपं नाही हं ते. आता तो सर झाला, म्हणून इथून पुढे आपणही त्यांना अहो-जाहो करू या.

रिकार्दो सरांच्या मदतीला होते जोएल बाट्स. १९८६ च्या वर्ल्ड कपमध्ये ब्राझीलच्या झिकोची पेनल्टी अडवणारा फ्रान्सचा गोलरक्षक तो हाच! एक ब्राझीलचा आणि एक ब्राझीलला रडवणारा, अशी ही जोडी. पहिल्याच वर्षी संघ लीगमध्ये दुसरा आला आणि युरोपच्या कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला. तिथे बार्सिलोनाच्या रोनाल्दोनं एक पेनल्टी मारली आणि कप गेला.

पण मला सगळ्यात आवडते ती त्यानंतरची ऑगस्ट १९९७ ची लढत. चॅम्पियन्स लीगमध्ये जागा मिळवायची होती आणि समोर होता रुमानियाचा स्टाउआ बुखारेस्ट. अशा लढतीत दोन सामने असतात, एक त्यांच्या घरी, एक आपल्या घरी. दोन्हींचे गोल मिळवून निकाल लागतो. पहिला सामना पॅरिसनं २–३ असा गमावला. एवढ्यावर थांबलं नाही. ज्या खेळाडूवर त्या सामन्यापुरती बंदी होती, त्यालाच पॅरिसनं खेळवलं होतं! नियम म्हणजे नियम. निकाल बदलून ०–३ करण्यात आला. म्हणजे मारलेले दोन गोलही पुसले गेले. आता घरच्या सामन्यात निदान चार गोलांनी जिंकायला हवं. २७ ऑगस्टला पॅरिसनं किती गोल केले असतील? पाच! आणि खाल्ला एकही नाही. त्यातले तीन गोल होते राईचे. हा राई म्हणजे ब्राझीलच्या प्रसिद्ध सॉक्रेटिसचा धाकटा भाऊ, आणि रिकार्दो सरांचा जुना सहकारी.

१९९८ मध्ये फ्रान्सचे दोन्ही कप जिंकून सर ब्राझीलला परतले. पुढची काही वर्षं या क्लबमधून त्या क्लबमध्ये अशी गेली. ब्राझीलमध्ये प्रशिक्षकाची खुर्ची म्हणजे एस.टी.तली खिडकीची जागा, जरा उठलात की दुसरा येऊन बसलाच! २००४ मध्ये त्यांच्याकडे ब्राझीलचा २३ वर्षांखालचा संघ होता. दिएगो, रॉबिन्यो असे हिरे होते त्यात. तरी पॅराग्वेकडून हरून तो संघ अथेन्स ऑलिंपिकला मुकला. देशभर टीका झाली. नंतर त्यांनी फ्रान्समध्ये बोर्दोला लीगमध्ये दुसरं आणलं, २००७ ला लीग कप जिंकून दिला, मोनाको सांभाळलं, मग साव पावलो.

आणि २०११ मध्ये ते वास्को द गामाकडे आले.

तुम्ही म्हणाल, वास्को द गामा तर इतिहासाच्या पुस्तकात आहे! १४९८ मध्ये कालिकतला उतरलेला तोच तो. त्याच्या प्रवासाला ४०० वर्षं झाली म्हणून १८९८ मध्ये रिओतल्या पोर्तुगीज मंडळींनी काढलेल्या क्लबला त्याचं नाव दिलं. आधी तो नावा वल्हवण्याचा क्लब होता, फुटबॉल मागून आलं. २०११ मध्ये या क्लबची अवस्था वाईट होती. तीन वर्षांपूर्वी तो दुसऱ्या विभागात घसरला होता. कसाबसा वर आला, पण नव्या वर्षाची सुरुवात हरण्यानंच झाली. सरांनी संघ हातात घेतला आणि जूनमध्ये वास्को ब्राझीलच्या कपच्या अंतिम फेरीत उभा होता!

इथे एक गणित घ्या. समोरचा संघ कोरिटिबा. पहिला सामना वास्कोच्या घरी, वास्को १–० नं विजयी. दुसरा कोरिटिबाच्या घरी, कोरिटिबा ३–२ नं विजयी. बेरीज काय? दोघांचे तीन-तीन गोल. मग कप कुणाला? त्या वेळच्या नियमाप्रमाणे बेरीज सारखी झाली, तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा जिंकायचा. वास्कोचे बाहेरचे गोल दोन, कोरिटिबाचा एकही नाही. वास्कोनं हा कप पहिल्यांदाच जिंकला.

२८ ऑगस्ट २०११

रविवार होता. वास्को विरुद्ध फ्लामेंगो, रिओमधलं हाडवैर. सर मैदानाच्या कडेला उभे. सामना ०–० असा चालला होता. दुसऱ्या डावात त्यांना अचानक बरं वाटेनासं झालं. लोकांना वाटलं ऊन लागलं असेल, दमले असतील. पण डॉक्टरांनी ओळखलं. रुग्णवाहिका आली आणि सरांना तडक हॉस्पिटलात नेलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्याच दिवशी डोक्याची शस्त्रक्रिया झाली, कित्येक तास चालली. सरांचं वय होतं ४६.

याला पक्षाघात म्हणतात. आपल्याकडे 'अर्धांगवायू झाला' किंवा 'वारं गेलं' असंही म्हणतात, पण वाऱ्याचा त्यात काही संबंध नाही. आपला मेंदू रक्तावर जगतो. रक्त नेणाऱ्या बारीक नळ्यांपैकी एखादी तुंबली किंवा फुटली, की तिच्यावर अवलंबून असलेला मेंदूचा भाग बंद पडू लागतो. सरांच्या बाबतीत नळी फुटली होती. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा भाग डावी बाजू. बोलण्याचं केंद्र बहुतेकांच्या डाव्या भागात असतं. त्याला इजा झाली, तर माणसाला काय म्हणायचंय ते मनात कळतं, पण शब्द ओठावर येत नाही. 'पाणी' म्हणायचं असतं आणि तोंडून भलतंच येतं, किंवा काहीच येत नाही. माणूस वेडा झालेला नसतो, बहिरा झालेला नसतो. आत सगळं जागच्या जागी असतं, नुसता दरवाजा अडकलेला असतो.

आईबाबांनीही हे वाचावं. घरात कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, एक हात वर उचलता येईना, बोलणं बोबडं झालं, तर 'जरा पडा, बरं वाटेल' म्हणत बसू नये. साखरपाणी पाजू नये. त्या क्षणी १०८ ला फोन करावा किंवा थेट मोठं हॉस्पिटल गाठावं. मिनिटामिनिटाला मेंदूचा आणखी थोडा भाग जात असतो.

सर वाचले. पण शरीराची एक बाजू दुबळी झाली आणि बोलणं गेलं. आता आठवा, सुरुवातीला आपण काय म्हटलं होतं? बचावपटूचं हत्यार म्हणजे त्याचा आवाज. प्रशिक्षकाचंही तेच. तो चेंडूला पाय लावू शकत नाही. त्याच्याकडे शब्द असतात, बस्स. आणि सरांकडे नेमके तेच राहिले नाहीत.

इकडे वास्कोचं काय झालं? त्यांचे मदतनीस क्रिस्तोवाव बोर्जेस यांनी संघ सांभाळला. घाबरून गेलेली पोरं उलट जास्त जिद्दीनं खेळली. वर्षाच्या शेवटी वास्को देशाच्या लीगमध्ये दुसरा आला, विजेत्या कोरिंथियन्सपेक्षा फक्त दोन गुणांनी मागे! सर त्या वेळी पुन्हा चालायला शिकत होते, पुन्हा बोलायला शिकत होते. तुमची धाकटी भावंडं शिकतात ना, तसं. फरक एवढाच, की लहान बाळाला आपण पूर्वी काय करू शकत होतो ते आठवत नसतं.

पुढे सर वास्कोमध्येच परतले, पण मैदानाच्या कडेला नव्हे. क्लबच्या फुटबॉल विभागाचं काम पाहायला, टेबलामागे. कुणालाही वाटलं असतं, की एवढं झालं हेच खूप झालं.

बोटाफोगोचा फोन

जुलै २०१५. चार नावं लक्षात ठेवायला सांगितली होती, त्यातलं हे चौथं. बोटाफोगो म्हणजे वाकड्या पायांच्या गारिंचाचा क्लब. मोठं नाव, पण २०१४ मध्ये तोही दुसऱ्या विभागात घसरला होता. प्रशिक्षकाला काढून टाकलं होतं. आणि त्यांनी विचारलं रिकार्दो गोमेसना.

शस्त्रक्रियेला चार वर्षं होत आली होती. सर लंगडत चालत. शब्द सावकाश, शोधून शोधून येत. अशा माणसानं दोन-दोन मिनिटांत निर्णय घ्यायचे, हजारो लोकांच्या आरडाओरड्यात अकरा जणांना हलवायचं, पत्रकारांच्या प्रश्नांच्या फैरी झेलायच्या! पुन्हा तसंच काही झालं तर? घरच्यांच्या मनात काय काहूर उठलं असेल, याची कल्पनाच करवत नाही. क्लबनंही धोका पत्करला होताच. हरले असते तर लोक म्हणाले असते, आजारी माणसाला कशाला आणलं?

सर 'हो' म्हणाले. वर्ष संपलं तेव्हा बोटाफोगो दुसऱ्या विभागाचा विजेता होता आणि पहिल्या विभागात परतला होता!

इथे मला एक गोष्ट जाणवते. मोठ्यानं ओरडणारे प्रशिक्षक आपण टीव्हीवर खूप पाहतो. बाटल्या आपटतात, पंचांच्या अंगावर जातात. आम्हा शिक्षकांतही असे असतात. पण थोडे आणि हळू आलेले शब्द ऐकायचे म्हणजे समोरच्या पोरांनाच शांत राहावं लागतं, कान द्यावा लागतो.

ऑगस्ट २०१६ मध्ये साव पावलोनं त्यांना बोलावून घेतलं. तिथे मात्र निकाल बरे लागले नाहीत आणि नोव्हेंबरातच त्यांना जावं लागलं. म्हणजे आजारी होते म्हणून कुणी हात राखून वागवलं नाही. इतरांसारखंच नेमलं, इतरांसारखंच काढलं. मला तर त्यात एक प्रकारचा मानच दिसतो. इकडे बोटाफोगोत त्यांच्या जागी आलेले तरुण झाइर व्हेंतुरा, १९७० च्या वर्ल्ड कपमधल्या झाइरझिन्योचे चिरंजीव, यांनी तोच संघ पुढे नेऊन दक्षिण अमेरिकेच्या सगळ्यात मोठ्या क्लब स्पर्धेत, लिबर्तादोरेसमध्ये, पोहोचवला.

सर नंतर थोडे दिवस सौदी अरेबियाच्या अल नासरकडे होते, मग सान्तोस क्लबच्या कार्यालयात. आणि २०१८ मध्ये फ्रान्सहून बोलावणं आलं, त्यांच्या जुन्या बोर्दोकडून. वय ५३. इथे मात्र एक गंमतच झाली. फ्रान्समध्ये पहिल्या विभागात मुख्य प्रशिक्षक व्हायचं तर ठरावीक प्रमाणपत्र लागतं, जसं आम्हाला डी.एड. लागतं. त्या वेळच्या नियमाला हवं होतं ते सरांकडे नव्हतं. याच देशात दोन-दोन कप जिंकून दिलेला माणूस, पण कागद नाही! मग एरिक बेदुए यांचं नाव मुख्य प्रशिक्षक म्हणून लिहिलं गेलं आणि सरांना 'मॅनेजर' म्हटलं. मार्च २०१९ पर्यंत ते तिथे होते. सामन्याच्या दिवशी कडेला उभं राहून हाका मारायचा अधिकार होता बेदुए यांना. रिकार्दो सरांची जागा मागे, बाकावर. तिथून सगळं मैदान दिसत होतं.